हाड सांधले, पण गाडी केव्हा चालवावी?

पुण्याहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता हॅरिस पुलावरून मुळा नदी ओलांडतो आणि दापोडीत शिरतो. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याला येथूनच प्रारंभ होतो. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि राज्य मार्ग परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा यांमुळे हे नाव राज्यभर परिचित आहे. पहिल्या पाळीची वेळ झाली की या रस्त्यावरून पिंपरी, भोसरी आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरील चाकणकडे दुचाकींची रांग लागते. या भागातील कामगाराला दुचाकी ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. ती त्याच्या हत्यारपेटीचाच एक भाग आहे. खेड आणि मावळ तालुक्यांतील शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांचेही तेच आहे. शाळा डोंगराच्या कुशीत, एस. टी. दिवसातून दोनदा, तेव्हा गाडीवाचून पर्याय नसतो.

अशा माणसाचा पाय अपघातात मोडला, तर त्याच्यापुढे उभे राहणारे प्रश्न रुग्णालयातून घरी आल्यावर संपत नाहीत. किंबहुना त्यांतील सर्वांत अवघड प्रश्न तेव्हाच सुरू होतो. पुन्हा गाडीवर बसावे केव्हा, आणि बसण्याचे धैर्य आणावे कोठून?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि ४,४३,३६६ जखमी झाल्या. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. मृतांची मोजदाद होते, जखमींचीही होते. परंतु जखमी झालेला माणूस कामावर केव्हा परतला, याची नोंद या आकड्यांत नसते. अपघातग्रस्तांवर रोकडरहित उपचार व्हावेत यासाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेली योजना अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, उपचारांचा भार उचलते. प्राण वाचविण्याच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. मात्र नडगीचे मोठे हाड मोडले असेल, तर ते पक्के सांधण्यास सामान्यतः चार ते सहा महिने लागतात. जखम उघडी असेल, मधुमेह असेल किंवा तंबाखू-विडीची सवय असेल, तर त्याहूनही अधिक. सातव्या दिवसानंतरचे हे महिने रुग्णाने आणि त्याच्या घराने काढावयाचे असतात.

पायाकडे असलेली कामे

मोटारसायकल हातांनी चालते, असा एक समज आहे. पाय दुखावला की तो समज किती अपुरा आहे हे कळते. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली उभी असते. चालक डाव्या बाजूस उभा राहतो, सारा भार डाव्या पायावर घेतो आणि उजवा पाय आसनावरून पलीकडे टाकतो. म्हणजे चढतानाच एका पायाला भार पेलावा लागतो व दुसऱ्याला मांडीच्या सांध्यातून उंच उचलले जावे लागते. पुढे गाडी सुरू झाली की डाव्या पायाचा चवडा गिअर टाकतो. गिअर वर उचलण्याच्या पद्धतीच्या गाडीत घोटा वर वळवण्याची ताकद लागते, आणि नडगीच्या दुखापतीनंतर नेमकी हीच हालचाल सर्वांत उशिरा परत येते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो. किक मारायची झाल्यास तेही त्याचेच काम.

याखेरीज एक काम असे आहे की जे शिकवणीच्या वेळी कोणी सांगत नाही. गाडी थांबली की एक पाय जमिनीला टेकून तिचा तोल धरावयाचा असतो. शंभर-सव्वाशे सी. सी.ची गाडी भरल्या टाकीनिशी एकशे दहा ते दीडशे किलोग्रॅम वजनाची असते. ती सरळ उभी असेपर्यंत तिला धरण्यास फारसे बळ लागत नाही. परंतु ती जरा अधिक कलली की भार झपाट्याने वाढतो आणि तो गुडघ्याला व घोट्याला सोसावा लागतो. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचा नियम, उजवा पाय ब्रेकवर, त्यामुळे टेकतो तो बहुधा डावा पाय. हॅरिस पुलाच्या तोंडाशी किंवा नाशिक फाट्यावर वाहतूक तुंबली असता हे टेकणे-उचलणे दहा मिनिटांत वीस वेळा घडते. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने जाण्यापेक्षा दुखावलेल्या पायाची खरी परीक्षा येथे होते.

यावरून लक्षात येईल की डावा पाय मोडला की उजवा, यावर पुढचा सारा क्रम अवलंबून आहे. डाव्याच्या बाबतीत चढणे, टेकणे आणि गिअर हे अडथळे. उजव्याच्या बाबतीत मुख्य अडथळा ब्रेकचा. आणि ब्रेकचा अडथळा अधिक फसवा, कारण तो स्वतःला जाणवत नाही.

या संदर्भात अमेरिकेत मोटारचालकांवर झालेले दोन अभ्यास उपयुक्त आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात, उजव्या घोट्याच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींना ब्रेक दाबण्यास लागणारा वेळ शस्त्रक्रियेनंतर नऊ आठवड्यांनी पूर्ववत झाल्याचे आढळले. २००८ साली त्याच विषयावर उजव्या पायाच्या इतर अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, पायावर भार टाकण्यास सुरुवात केल्यापासून साधारणतः सहा आठवड्यांनी हा वेळ पूर्वपदावर येतो. हे प्रयोग चारचाकीच्या आसनावर बसून केलेले होते. दुचाकीस्वाराला तोलही सांभाळावयाचा असल्याने त्याने हा कालावधी किमान समजावा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर अंतर तोडते. पाय सेकंदाचा तिसरा हिस्सा उशिरा पोहोचला, तर गाडी जवळजवळ चार मीटर पुढे गेलेली असते. समोर उभ्या असलेल्या टेंपोचे अंतर बहुधा तेवढेच असते.

डॉक्टरांचा होकार कशाला असतो?

तपासणीच्या वेळी डॉक्टर क्ष-किरण चित्र पाहून "हाड जुळले" असे सांगतात. रुग्ण त्याचा अर्थ "आता सर्व काही करता येईल" असा घेतो. दोन्ही विधाने वेगळी आहेत. हाड जुळणे ही पहिली पायरी. प्लास्टरमध्ये किंवा अंथरुणावर राहिलेल्या पायाची मांडी आणि पोटरी काही आठवड्यांतच डोळ्यांना दिसेल इतकी वाळते, गुडघा व घोटा आखडतात. शिवाय आपला पाय नेमका कोठे आहे, किती वळला आहे, हे न पाहता सांगणारी जी जाणीव असते, तीही मंदावते. निरोगी माणूस गिअरचा खटका शोधण्यासाठी खाली पाहत नाही. दुखापतीनंतर तो पाहू लागतो. रस्त्यावरून नजर काढून खाली पाहणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारताना "मी बरा झालो का?" असा न विचारता नेमका विचारावा: पूर्ण भार टाकू का? अचानक जोराचा दाब दिला तर चालेल का? गाडी अंगावर कलली आणि पाय रेटावा लागला तर हाडातील सळई किंवा पट्टी तो ताण सोसेल का? वेदनाशामक औषधांपैकी कोणत्या गोळीने गुंगी येते, हेही विचारून घ्यावे. ती गोळी चालू असेपर्यंत गाडीचा विषयच नको.

घरच्या घरी करून पाहण्याजोग्या काही कसोट्या आहेत. भिंतीजवळ, आधार हाताशी ठेवून, दुखावलेल्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट उभे राहता येते का? कठडा न धरता जिना एकाआड एक पायरीने उतरता येतो का? खुर्चीवर बसून डोळे मिटले असता चवडा वर-खाली, सांगितला तेवढाच हलतो का? येथे अडखळणाऱ्या माणसाने गाडीची किल्ली तूर्त कपाटात ठेवावी आणि फिजिओथेरपीचे व्यायाम चालू ठेवावेत. हे व्यायाम कंटाळवाणे असतात, त्यांत काही पराक्रम दिसत नाही आणि म्हणूनच ते सर्वांत आधी सोडले जातात.

भीतीचे स्थान

पाय तयार झाला तरी मन तयार असतेच असे नाही. मागून ट्रकचा भोंगा वाजला की अंग शहारते, हात हँडलवर नको तितके आवळले जातात, अपघाताचे ठिकाण आले की घाम फुटतो. घरातील मंडळींचीही हीच अवस्था असते. "आता गाडी विकूनच टाका" असे पत्नी किंवा आई म्हणते, तेव्हा तिने रुग्णालयाच्या बाकावर काढलेल्या रात्री त्यामागे असतात. तिचे म्हणणे हसण्यावारी नेणे योग्य नाही.

ही भीती म्हणजे भित्रेपणा, असे समजण्याचे कारण नाही. ज्या परिस्थितीत इजा झाली ती टाळावी, हा शरीराचा धडाच आहे. अडचण अशी की, टाळत राहिल्याने भीती ओसरत नाही. टाळण्यातून मिळणारे तात्पुरते समाधान तिला खतपाणी घालते. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मांडलेली उपचारपद्धती या बाबतीत मार्गदर्शक ठरली. भीतीच्या पायऱ्या पाडाव्यात, सर्वांत सोप्या पायरीवर मन शांत होईपर्यंत थांबावे आणि मगच पुढची चढावी, हा तिचा गाभा. तो दुचाकीला तंतोतंत लागू पडतो.

या उलट एक वर्ग घाई करणाऱ्यांचा असतो. मित्रमंडळी चेष्टा करतात, कारखान्यात रजा संपत आलेली असते, हप्ते थकलेले असतात. मग माणूस कुबडी सोडल्याच्या आठवड्यातच गाडी काढतो. हे धैर्य खरे नसते, आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या रूपाने मोजावी लागते. भीती बाळगणाऱ्यापेक्षा या माणसाची चिंता अधिक करावी लागते.

काहींच्या बाबतीत मात्र प्रश्न पायऱ्यांनी सुटत नाही. महिना उलटून गेल्यावरही अपघात स्वप्नात येत असेल, झोप उडाली असेल, रस्ता ओलांडणेही नकोसे वाटत असेल, तर ती उपचाराची बाब आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठी निःशुल्क उपलब्ध आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो लिहून ठेवण्यास खर्च काही येत नाही.

पायऱ्या

पहिले काही दिवस इंजिन सुरूच करू नये. गाडी मेन स्टँडवर उभी करावी, कोणी तरी शेजारी असावे, आणि नुसते चढणे-उतरणे करावे. बसून गिअर आणि ब्रेक यांवर पाय आणून ठेवावेत, तेही खाली न पाहता. नंतर गाडी स्टँडवरून काढून बंद इंजिनानेच हाताने ढकलत चालवावी, वळवावी, परत स्टँडवर लावावी. पुष्कळांना हा भाग पोरकट वाटतो. परंतु गाडीचे वजन आपल्या पायाला पेलते, हा विश्वास येथेच येतो. पुढे तो आणता येत नाही.

त्यानंतर मोकळे मैदान. रविवारी सकाळी शाळेचे पटांगण किंवा बाजारतळ यासाठी चांगला. पहिल्या गिअरमध्ये वीस पावले जावे आणि थांबावे, पुन्हा जावे आणि थांबावे. चालवण्यापेक्षा थांबण्याचा सराव अधिक करावा, आणि थांबताना दोन्ही पाय आळीपाळीने टेकून पाहावेत. पुढच्या ब्रेकची ओळख नव्याने करून घेण्याचीही हीच वेळ. गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तथापि आपल्याकडील अनेक चालक "गाडी उलटेल" या धास्तीने केवळ पायाचा ब्रेक वापरतात. उजवा पाय दुखावलेल्याला ही सवय परवडणारी नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक आणि त्यापुढील गाड्यांना ए. बी. एस. अनिवार्य झाले आहे. त्याआधीच्या गाडीत मात्र हे साहाय्य असेलच असे नाही.

रस्त्यावर येताना आधी ओळखीची गल्ली, मग गर्दी नसलेल्या वेळेचा मोठा रस्ता. अपघाताच्या जागेवरून प्रथमच जाताना स्वतः गाडीवर असू नये. तेथून आधी पायी जावे, बसने जावे. दापोडीच्या रहिवाशाला आणखी एक सोय आहे. ऑगस्ट २०२३ पासून येथील मेट्रो स्थानक सुरू झाले असून, जुन्या महामार्गाची वाहतूक उंचावरून, काचेआडून पाहता येते. ज्या रस्त्याने छाती धडधडते तो असा दुरून पाहण्यानेही मन थोडे निवळते. शिवाय लोणावळा लोकल आहे, निगडीपर्यंतचा जलद बसमार्ग आहे. मधल्या काळात कामावर जाण्यासाठी गाडीच हवी, ही सबब पिंपरी-चिंचवडमध्ये पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. चाकणकडील आतल्या रस्त्यांवरील कारखान्यांच्या बाबतीत ती अद्याप बरीच खरी आहे.

दुसरी गाडी, दुसरा मार्ग

पूर्वीचीच गाडी पुन्हा चालवली पाहिजे, असा हट्टही धरू नये. दुचाकींच्या रचनेतील बदल या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १९७२ पासून आकुर्डीत तयार झालेल्या बजाज चेतकचे गिअर डाव्या हाताच्या मुठीत होते आणि बसताना पाय पलीकडे टाकावा लागत नसे. मागचा ब्रेक व किक मात्र उजव्या पायाकडेच. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने गिअर आणि किक या दोन्हींची गरज संपवली. ती सोय म्हणून खपली, पण पाय अधू असलेल्या माणसाला तिने रस्ता मोकळा करून दिला, याची दखल फारशी घेतली गेली नाही. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरला आणि विजेवरील चेतकलाही दोन्ही ब्रेक हातातच असतात. गुडघा पुरेसा वळत नसेल किंवा घोटा कायमचा आखडला असेल, तर अशा गाडीकडे वळणे यात कमीपणा कसला?

दुखापतीने कायमचे अपंगत्व आले असल्यास कायद्याची बाजू पाहावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये गिअरची मोटारसायकल, बिनगिअरची मोटारसायकल आणि अनुकूलित वाहन असे परवान्याचे स्वतंत्र वर्ग आहेत. 'अनुकूलित वाहन' ही संज्ञा २०१९ च्या दुरुस्तीने आली. शिकाऊ परवान्यासाठी भरावयाच्या नमुना क्रमांक १ मध्ये हाता-पायाच्या हालचालीत किंवा बळात दोष आहे काय, असा प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरे द्यावे. परवाना आधीच असला तरी, धारक अपंगत्वामुळे वाहन चालवण्यास अपात्र झाला असे मानण्यास सबळ कारण असल्यास, परवाना प्राधिकारी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. गाडीला बाजूची चाके जोडणे हा रचनेतील बदल आहे. गॅरेजमध्ये परस्पर करून घेण्याजोगे ते काम नाही. परिवहन कार्यालयाच्या नोंदणीनेच ते व्हावे.

पुणे परिसराला या क्षेत्रात मोठी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. दापोडीपासून नदीपलीकडे खडकी येथे १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे पुण्यात टेल्कोमध्ये त्यांनी नोकरी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुष्टियुद्धाच्या रिंगणात ते परतले नाहीत. त्यांचा आत्मविश्वास दुसऱ्याच वाटेने परत आला.

भोवतालच्या माणसांचे काम

परतणाऱ्याला सर्वांत अधिक हवा असतो तो वेळ, आणि तो देणे इतरांच्या हाती असते. २०१० च्या दुरुस्तीने राज्य विमा कायद्यात कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध जुळत असल्यास, कामाच्या ओघातील इजा म्हणून मान्य झाला आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आहे. कंत्राटी कामगारांपैकी कित्येकांना ती ठाऊक नसते. कार्यालयप्रमुखाने काही आठवडे बैठे काम दिले, पाळी बदलून गर्दीची वेळ चुकवू दिली, किंवा गटशिक्षणाधिकाऱ्याने शिक्षकाला तात्पुरती जवळची शाळा दिली, तर कच्च्या पायाने गाडी काढण्याची निकड राहत नाही. सरपंचाला करता येण्याजोगे काम आणखी साधे आहे: गावातून निघणाऱ्या एखाद्या चारचाकीत त्याच्यासाठी जागा मिळवून देणे.

रात्र, पाऊस आणि मागे बसणारा माणूस या तीन गोष्टी अखेरीस याव्यात, तेही एका वेळी एक. ओल्या रस्त्यावर टेकलेला पाय घसरतो. म्हणून चप्पल सोडून घोटा झाकणारा, खाचदार तळव्याचा बूट घालावा. हेल्मेट तर कायद्यानेच आवश्यक आहे. मागे माणूस असला की थांबलेल्या गाडीचा भार दुपटीकडे झुकतो आणि तो नव्या सांधलेल्या हाडावरच येतो. त्याने चालकाचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करून मगच चढावे, चढण्यापूर्वी सांगावे, आणि सिग्नलला गाडी थांबली असता मागे हलू नये.